दशांशानंतरचं तिसरं घर

तिबिलिसीच्या एलियावा बाजारात, जिथे मोटारींची दारं
मोटारींवाचून उभी असतात, तिथे माझं दुकान.
दुकान कसलं, लोखंडी कंटेनर, एक दिवा,
आणि खिळ्यांना टांगलेले मीटर: पिवळे, निळे, वर एक लाल.

मार्चात मक्वाला आली. स्वानेतीहून,
रात्रभर मार्शरुत्काच्या मागच्या बाकावर.
पिशवीत लोकरी मोजे, मोज्यांत दोन सेल,
विटेसारखे निळे, प्रत्येकी दोन किलो.
"आठ आहेत. सगळे आणवले नाहीत.
हा तिसरा, हा सातवा."

मग सेल राहिले बाजूला, जुंबेर सुरू झाला.
जुंबेर म्हणजे दीर. घराला घर लागून.
छपरावरच्या पाट्या दोघांच्या, बॅटरी दोघांची,
पहाटे चारला अंधारही दोघांचा,
फक्त फ्रीजमधलं दूध नासतं ते हिचं.
रात्रभर टीव्ही बघतो तो, असं दोन हिवाळे
ती सांगत होती: गावाला, पाद्र्याला,
आता मला.

"हा पिवळा केवढ्याला?"
पंधरा लारी.
"दे."
दिला नाही. धंद्याला हे बरं नव्हे,
पण दिला नाही. आधी सळया लावल्या.
तिसरा: ३.३१.
सातवा: ३.३१.
"एकाच माळेचे मणी," ती म्हणाली. "सेल धड आहेत.
म्हणजे जुंबेरच."

थांब, म्हटलं. हा एक-नऊ-नऊ-नऊपर्यंत मोजतो,
पुढे त्याला दम लागतो.
दोन व्होल्ट ओलांडले की दशांश चिन्ह
एक घर उजवीकडे सरकवतो
आणि शेवटचं घर पाडून टाकतो.
तिथे कोण राहत होतं, ते सांगत नाही.

निळा काढला. सहा हजारांपर्यंत मोजणारा.
तिसरा: ३.३१४.
सातवा: ३.३०६.

आठ मिलिव्होल्ट.
मोटारीच्या बॅटरीत ही धूळ, फुंकून टाकावी अशी.
पण हे सेल वेगळ्या जातीचे,
भरलेले असोत की निम्मे, चेहरा तोच ठेवतात,
जे काय ओठांत असतं ते
त्या तिसऱ्या घरात.

तिनं वर बघितलं. "लाल्याला अजून एक घर आहे?"
आहे. लावून दाखवला: ३.३१४२, ४३, ४१, पुन्हा ४२.
शेवटचा आकडा जागेवर ठरेना.
किंमत एका गाईची, आणि एवढं जाणून
करणार काय तू?

"आणि निळा खरं बोलतो?"

हे फार थोडे विचारतात.
नाही, म्हटलं. अर्धा टक्का इकडेतिकडे.
आकडे जास्त म्हणजे खरं जास्त, असं नसतं.
पण आठही सेल ह्याच एका मीटरने मोज.
खोटं बोलला तरी सगळ्यांशी सारखंच बोलेल.

"असा माणूस नाही भेटला मला," ती म्हणाली,
आणि नव्वद लारी मोजले,
शेवटचे चार नाण्यांत.

ईस्टरनंतर ड्रायव्हरने एक पुडकं आणून दिलं.
वर चिठ्ठी:
आठही मोजले. सातवा आधी थकतो,
आणि तो थकला की सगळे थांबतात.
नवा मागवलाय.
जुंबेरकडे गेले होते. बोलले दारातच.
तो म्हणाला, मीटर ठेवून जा, मीही मोजतो.

खाली पेन्सिलीने, दुसऱ्या अक्षरात:
३.२९८. बरोबर आहे.
टीव्ही दोन वर्षं बिघडलेला आहे.
कुणी विचारलं नाही.

पुडक्यात सुल्गुनी. ओलं, मीठ अजून सुटत असलेलं.
तराजूवर ठेवलं.
माझा तराजू जुना, शंभर ग्रॅमच्या खाली
त्याला काही दिसत नाही.
दोन किलो, म्हणाला.

असेल थोडं जास्त.